गादीची चड्डी

नाना कुठेही बसायच्या आधी बैठकीला हात लावून बघायचा. खुर्ची असो, बाकडं असो, लग्नाच्या मांडवातला सोफा असो, आधी तळहाताने दाबणार, वायच हलवणार, मग पाठ फिरवून सावकाश टेकणार. नव्या माणसाला वाटायचं, धूळ झटकतोय. तसं नव्हतं. तरुणपणापासून त्याच्याखाली इतक्या खुर्च्या मोडल्या होत्या आणि लोक इतके हसले होते, की बैठकीवरचा त्याचा विश्वासच उडाला होता. "आधी विचारावं तात्या, मग बसावं," असं म्हणायचा. हसत म्हणायचा. पण मी त्याच्या तोंडाकडे बघत नसे, हाताकडे बघत असे. तो हात घाबरलेला असायचा.

नाना एसटीच्या लाल गाडीवर ड्रायव्हर होता. डेपोत त्याला जहाज म्हणत. स्टिअरिंग आणि पोट यांच्यामध्ये कागद सरकला नसता, पण हा माणूस गाडी अशी चालवी की घाटात म्हाताऱ्या बायका मान टाकून झोपत. ड्रायव्हरच्या सीटची गादी मात्र त्याच्याखाली पापड होई. म्हणून तो स्वतःची गादी बगलेत घेऊन ड्युटीवर जायचा, आणि ती गादी मी शिवलेली असायची. माझा धंदा तोच. रिक्षाच्या, स्कूटरच्या, टेम्पोच्या सीटा शिवतो. चौथीत शाळा सुटली, तेव्हापासून दाभण हातात आहे. मुलगा म्हणतो आता बंद करा. मी करत नाही. नानाचं वजन वाढलं की कमी झालं हे डॉक्टरच्या आधी मला कळायचं. जुनी गादी उसवली की आतला फोम सगळं सांगतो.

नाना रिटायर झाला त्याच्या आधीच त्याला साखर निघाली होती. त्याचं त्याला काही वाटलं नव्हतं, आमच्याकडे घरटी एकाला असते. पण मग दादा गेला. दादा म्हणजे नानाचा थोरला भाऊ, पूर्णगडला मूळ घरात राहायचा, साखर त्यालाही होती. त्याच्या अंगठ्याला आधी साधी ठेच लागली. अंगठा गेला, मग पाऊल गेलं, मग गुडघ्याखालचा सगळा पाय गेला, आणि शेवटी तोच गेला. शेवटचे दिवस नाना त्याला उचलून मोरीत नेत असे. एकदा माझ्या दुकानात बसून म्हणाला, "एवढा हलका झाला होता तात्या, की मला उचलताना लाज वाटली." त्यानंतर बराच वेळ तो स्वतःच्या पायांकडे बघत राहिला.

दादाच्या बाराव्यापासून नानाने एक रीत धरली. सकाळी उठला की वहिनींचा, म्हणजे त्याच्या बायकोचा, हातआरसा घ्यायचा, खाटेवर बसायचं आणि आरशात दोन्ही तळवे बघायचे. बोटांच्या फटी, टाचा, नखं. कुठे काळं पडलंय का, कुठे चिरलंय का. वहिनी म्हणायच्या, मी बघून सांगते. तर नाही, स्वतः बघणार. अंघोळ चुकली असेल, पूजा चुकली असेल, आरसा चुकला नाही. मरण पायाकडून येतं हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं, आणि तो रोज तिकडेच तोंड करून पहारा देत होता.

त्याची डॉक्टरीण म्हणजे त्याच्याच डेपोतल्या कंट्रोलरची मुलगी. शिमग्यात पालखी बघायला नानाने तिला खांद्यावर बसवलेली. ती शिकून मोठी झाली, गावात दवाखाना घातला, आणि नानाला समोर बसवून सरळ म्हणाली, "नानाकाका, वजन उतरवा. नायतर दादांच्या मागून जाल." दुसऱ्या कोणी असं म्हटलं असतं तर नाना चिडला असता. तिच्यावर चिडला नाही. चालायला लागला, तर गुडघे सुजले. पोहायचं तर समुद्राजवळ जन्म जाऊन त्याला पाण्याची भीती. शेवटी सायकल घेतली. जाड दांड्याची, रुंद टायरची. दुकानदाराने आधी ही उचलेल का म्हणून सायकलीकडे बघितलं, मग नानाकडे बघितलं. नाना म्हणाला, ब्रेक लागतोय तोवर गाडी आपली. हे त्याचं ठरलेलं वाक्य होतं. घाटातही तेच म्हणायचा.

पहिल्या दिवशी भाट्याच्या पुलापर्यंत गेला आणि सायकल हातात धरून चालत आला. दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानात. म्हणाला, तात्या, सायकलची सीट म्हणजे सुरी आहे, मला तिच्यावर एक रुंद मऊ गादी शिवून दे. मी नाही म्हटलं. तो रुसला. पण मला जे पटत नाही ते मी शिवत नाही, मग समोर कोणी का असेना. जड माणसाला मऊ गादी म्हणजे फसवणूक. बसल्याबरोबर बरं वाटतं आणि वायच वेळाने फोम चपटा होऊन हाड खालच्या लाकडावर टेकतं. जड माणसाला घट्ट फोम लागतो, जो दबतो पण हार खात नाही. आणि सीट रुंद केली तर मांड्या घासणार. हे मी त्याला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि बाजारातून जेलीचं मऊ कव्हर आणून घातलं. ते त्याच्याखाली एका बाजूला सरकायचं आणि हा दुसऱ्या बाजूला.

गावात सकाळी सायकली काढणाऱ्यांचा एक ग्रुप आहे. त्यांच्यात एक सर आहेत, हायस्कुलात भूगोल शिकवतात. अंगाने काडी, पण मनाने चांगला माणूस. त्यांनी नानाला बाजूला घेऊन सांगितलं की गादी सीटवर नाही, चड्डीत घालायची असते. तशी चड्डी मिळते. नानाने येऊन हे मला सांगितलं तेव्हा आम्ही दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. लंगोटाला गादी. पण मग मी विचार केला, आणि मला ते पटलं. गादी अंगाबरोबर हलली तर घासायचा प्रश्नच मिटतो.

नाना बाजारात गेला. दुकानदाराकडे होतं ते सगळं पोराटोरांच्या मापाचं. सगळ्यात मोठं म्हणून जे दिलं ते नानाच्या मांडीवर अर्ध्यात अडकलं, वर जाईना की खाली येईना. आडोशाच्या खोलीतून त्याला हाक मारावी लागली. बाहेर गिऱ्हाईकं होती, बायका होत्या. कोणी मोठ्याने हसलं नाही म्हणे, पण नानाला न हसलेलं हसणं ऐकू येत असे. तो तिथून थेट माझ्याकडे आला आणि दुकानाच्या मागच्या बाजूला, फोमच्या तुकड्यांवर जाऊन बसला. हात लावून बघायचं विसरला. मी चहा मागवला. तो म्हणाला, "आपल्यासारख्यांसाठी काय बनतच नाय रे. आपण फक्त मरायचं." मी म्हटलं, मी तुझ्यासारखा नाही, मी बारीक आहे. तेव्हा कुठे हसला.

मग सरांनी सांगितलं की मोबाईलवरून मोठ्या मापाच्या मागवता येतात. मापं माझ्या दुकानात घ्यायची ठरली. सर मोबाईलवर बघून सांगणार, मी टेप लावणार. टेप कमरेला लावली की नाना श्वास आत ओढून उभा राही. मी टेप तशीच धरून थांबायचो. कधीतरी श्वास सोडावाच लागतो. सरांनी नीट समजावून सांगितलं होतं. चड्डी अंगाला चिकटून बसली पाहिजे, चुणी पडता कामा नये, चुणी पडली की तिथे घासणार. पोट असलेल्या माणसाने नाडीची घेऊ नये, ती पोटाखाली गुंडाळत जाते. खांद्यावरून पट्टे असतात ती घ्यावी. मांडीला पट्टी रुंद पाहिजे, बारीक पट्टी मांसात रुतते. गादी जाड दिसते म्हणून भुलू नये, घट्ट असावी, आणि जिथे हाडं टेकतात तिथे रुंद असावी. शिवण चपटी पाहिजे. आणि आत दुसरं काही घालायचं नाही.

शेवटचं ऐकून नानाने टेप स्वतःच गुंडाळून माझ्या हातात दिली.

नानाच्या मुंबईच्या मुलाने दोन चड्ड्या मागवून पाठवल्या. दोन्ही मी अंगठ्याने दाबून बघितल्या. एकीची गादी फुगीर, जाड, बघणाऱ्याला भारी वाटावी अशी. अंगठा दाबला तर थेट पलीकडे लागला. दुसरीची पातळ दिसत होती, पण अंगठ्याला उत्तर देत होती. मी म्हटलं ही घाल, ती पायपुसणं कर. सर म्हणाले बरोबर. नानाने पण तीच घेतली. आम्हाला वाटलं, झालं काम. आम्हाला माहीत नव्हतं की त्याने मुलाला परस्पर फोन करून आम्ही सांगितलेल्यापेक्षा एक माप मोठं मागवलं होतं. अंगाचा आकार दिसू नये म्हणून. आणि आत तो आपली रोजची पट्ट्यापट्ट्यांची चड्डी घालतच होता. वरून आणखी एक ढगळ हाफ पँट. असा तीन पदरी होऊन नाना सायकलवर बसायचा.

हे मला कळलं ते पुष्कळ नंतर, त्याच्या चालण्यावरून. मी विचारलं तर म्हणाला, आत काही न घालता घराबाहेर पडायला मी काय वेडा झालोय? वाटेत पडलो, चार माणसांनी उचललं, तर? मी म्हटलं, पडलास तर चार माणसांनी होणार नाही. या गोष्टीवरून आमचं चांगलंच वाजलं. सुती चड्डीची जाडी शिवण, तिच्यावर सैल गादी, आणि जांघेत चुणी. मी सीटा शिवणारा माणूस, मला ती चुणी डोळ्यांसमोर दिसत होती. मी त्याला सांगितलं की आतली चड्डी सोड, नायतर सायकल सोड. तो म्हणाला, दोन्ही सोडणार नाय.

पण त्याचे दिवस तेव्हा चांगले चालले होते, हे पण खरं. गोळपच्या चढावर ज्या माणसाला सायकल ढकलावी लागायची तो आता पुढे पावस गावाला जाऊन चहा पिऊन परत यायचा. साखर उतरली. डॉक्टरणीने कागद बघून त्याची पाठ थोपटली. माझ्याकडे घरच्या खुर्चीवरची जुनी गादी घेऊन आला तेव्हा मी फोम काढून बघितला, कमी दबला होता. वहिनींच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा रंग दिसला. नानाने तेव्हाच ठरवून टाकलं, यंदा गणपतीला पूर्णगडला सायकलने जायचं. त्यांचा गणपती मूळ घरात बसतो. "दादाच्या पडवीत माझ्या दोन पायांवर जाऊन उभा राहणार," असं तो म्हणाला. म्हणताना हसला नाही. मला ते आवडलं नाही. देवाला असं बजावल्यासारखं सांगू नये.

मग पावसाळा आला. आमच्याकडच्या पावसाळ्यात दोरीवरचा रुमाल चार दिवसांत वाळत नाही, तिथे गादीची चड्डी कुठून वाळणार. सर म्हणाले होते, दोन ठेवा, एक पूर्ण वाळल्याशिवाय घालू नका. पण नानाची ती चड्डी पुढच्या पडवीत दोरीवर लावायची सोय नव्हती. पलीकडच्या घरातल्या सुना बघतील म्हणून. एवढी मोठी चड्डी, त्यात ती गादी, बाहेरून कसली काय वाटेल. म्हणून तो ती धुऊन पिळून स्वतः मागच्या पडवीत, चुलीवर आडवा बांबू टांगलेला असतो, त्यावर टाकायचा. ओली लाकडं आणि मासळी वाळवतात तिथे. धुराने ती वरून कडक व्हायची आणि आतून ओलीच राहायची. तशीच घालून तो पहाटे निघायचा. वर पाऊस, खाली ओली गादी. फोम आणि धूर यांचं काय होतं ते मला विचारा. पत्र्यासारखा होतो.

श्रावण लागल्यावर मला पहिल्यांदा काहीतरी वेगळं वाटलं. नाना दुकानात यायचा आणि उभा राहायचा. मी बस म्हणायचो, तो म्हणायचा, सारखा बसूनच तर असतो. आधी मला वाटलं पथ्य करतोय. मग एक दिवस तो दाराच्या चौकटीला टेकून उभा होता आणि त्याच्या कपाळावर घाम होता. बाहेर पाऊस, आत गारवा, आणि याला घाम. वहिनींना विचारलं तर त्या म्हणाल्या, हल्ली कुशीवर झोपतात, हळद आणि कडुलिंबाचा पाला स्वतः वाटून घेतात, मला मोरीजवळ फिरकू देत नाहीत. आणि मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "भावोजी, चादर मला धुवायला देत नाहीत."

मी त्याला गाठलं. आडून विचारायची मला सवय नाही. म्हटलं, कुठे झालंय? त्याने इकडे तिकडे बघितलं आणि सांगितलं, गळू आहे, उष्णतेचं, जांघेच्या मागे. फुटलं की बरं वाटेल. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता डॉक्टरणीकडे चल. त्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्याला चौकात नागडा व्हायला सांगितलंय. "तिला खांद्यावर खेळवलंय मी. तिच्यासमोर लेंगा सोडू?" मी म्हटलं, मग पुरुष डॉक्टर बघू, गावात काय कमी आहेत? तर म्हणाला, गणपती झाले की बघू. आता दाखवलं तर सायकल बंद करतील. पूर्णगडचं राहील.

मी तिथेच त्याच्या देखत वहिनींना फोन लावला आणि सगळं सांगितलं. मित्राची गोष्ट मित्राने झाकायची असते असं लोक म्हणतात. म्हणोत. मी सांगितलं. नाना तसाच निघून गेला आणि पुढे बरेच दिवस दुकानाकडे आला नाही. घरी वहिनींनी हातापाया पडून बघितलं. त्याने त्यांना गणपतीची शपथ घातली, म्हणाला, चतुर्थी होऊ दे, मग म्हणशील तिथे येतो. आरसा मात्र रोज सकाळी चालूच होता. वहिनी सांगतात, तळवे बघून म्हणायचा, एकदम स्वच्छ आहेत.

चतुर्थीच्या सकाळी पाऊस उघडला होता. सर आणि ग्रुपमधले दोघं त्याच्यासोबत सायकलने निघाले. मला कोणी बोलावलं नव्हतं. मी शेजारच्या रिक्षावाल्याला उठवलं, वहिनींना घेतलं आणि मागे लागलो. नानाने वळून बघितलं, पण नको म्हणाला नाही. भाट्याच्या पुलावर खाडीचा वारा होता. तिथून पुढे मी बघत होतो, हा माणूस सीटवर बसत नव्हता. चढावर उभं राहून पेडल मारतात हे मला माहीत आहे. पण तो सपाटीला पण उभा होता. उतारावर पण. सर त्याच्या बाजूला जाऊन काहीतरी म्हणाले, नानाने मान हलवली. वहिनी रिक्षात पदराचं टोक चावत होत्या. पावसला तो चहाला थांबला नाही. थांबलं तर परत निघता येणार नाही हे त्याला कळलं असणार.

पण पोचला. अंगणात सायकल टेकवली आणि पडवीत जाऊन दोन पायांवर उभा राहिला. दादाची बायको, आम्ही त्यांना मोठी वहिनी म्हणतो, दारात आल्या आणि त्याला बघून रडायला लागल्या. दादाचा मुलगा बाळू पुढे आला. टेम्पो चालवतो, अंगाने काकावर गेलाय. त्याने नानाला मिठी मारली तेव्हा पडवीत दुसऱ्याला जागा राहिली नाही. सगळे हसले. बाळू म्हणाला, काका, तुमच्या अंगाचा चटका बसतोय. नाना म्हणाला, उन्हातून आलो. ऊन नव्हतं.

आरतीला नाना सगळ्यांच्या मागे उभा होता. टाळ त्याच्या हातात होते, पण ते तापाच्या हुडहुडीने आपोआप वाजत होते. मग पानं मांडली. पंगतीला सगळे बसले, नाना उभा. मोठी वहिनी म्हणाल्या, बसा भावोजी, आज तुमच्यासाठी पहिला मोदक. कोणीतरी थट्टा केली की जहाज धक्क्याला लागतच नाही, नांगर टाकायला जागा करून द्या. नाना हसला. मग पाटाजवळ वाकला, हाताने पाट दाबून बघितला, आणि तसाच, वाकलेला, पुढे पडला. पानावर. मी आणि बाळूने त्याला कुशीवर केलं तेव्हा वरची ढगळ पँट मागून काळी झाली होती. आणि वास आला. तो वास दादाच्या खोलीत मी घेतला होता.

त्याला घेऊन आम्ही दवाखान्यात पोचलो तोवर डॉक्टरणीला निरोप गेला होता, ती सणाच्या साडीवर धावत आली. तीन पदर तिने कात्रीने कापले. नानाने दोन्ही डोळे गच्च मिटून घेतले होते, लहान पोर इंजेक्शनला मिटतं तसे. ती बाहेर येऊन भिंतीला टेकली. म्हणाली, विष आत पसरलंय, मांस मेलंय, मोठं ऑपरेशन करावं लागेल, तरी सांगता येत नाही. मग माझ्यावर ओरडल्यासारखी म्हणाली, "श्रावणात दाखवलं असतं तर एक चीर देऊन पुरलं असतं, तात्या. एक चीर." मी श्रावणातच सांगितलं होतं.

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी तो शुद्धीवर आला. मला आत सोडलं तेव्हा ती पण तिथेच होती, त्याच्या हाताची नाडी धरून. नानाचा आवाज येत नव्हता, ओठ हलत होते. तिने कान खाली नेला. त्याने पायांचं विचारलं होतं. ती म्हणाली, आहेत काका, दोन्ही आहेत. त्याने मान हलवली. पांघरुणाखाली त्याने एकेक पाऊल हलवून बघितलं, आधी डावं, मग उजवं. मग तो म्हणाला, आणि हे मला ऐकू आलं, "मग जिंकलो." विसर्जनाच्या आदल्या दिवशी तो गेला. दोन्ही पायांनिशी.

आता जे सांगायचं ते सांगतो. बाराव्याला घरी माणसं जमली होती. डेपोतले होते, सर होते, पूर्णगडहून सगळे आले होते. पान वाढायला वेळ होता म्हणून ओटीवर बोलणं चाललं होतं. कोणी विचारलं की कशाने गेले, तर नानाच्या मुलाने खाली मान घालून सांगितलं, हार्ट. दुसऱ्याने विचारलं, त्यालाही तेच. मग एकजण म्हणाला की या वयात सायकल म्हणजे हार्टला ताणच, आणि सगळ्यांनी माना हलवल्या. सर बिचारे कोपऱ्यात गुन्हेगारासारखे बसले होते. मी मुलाला जवळ बोलावून विचारलं, हे काय? तो हळूच म्हणाला, तात्या, चारचौघांत कसं सांगू कुठे झालं होतं ते.

मी उठून उभा राहिलो. माझा आवाज मोठा आहे, मशीनच्या बाजूला आयुष्य गेलंय. मी म्हटलं, नानाचं हार्ट चांगलं होतं. सायकलनेही तो गेला नाही, सायकलने त्याची साखर उतरली होती. त्याला बुडाला गळू झालं. ओली, सैल चड्डी घातली म्हणून झालं, आत दुसरी घातली म्हणून वाढलं, आणि दाखवलं नाही म्हणून तो मेला. कुठे झालं ते मी पुन्हा सांगतो, असं म्हणून मी पुन्हा सांगितलं, जागेचं नाव घेऊन. बायकांनी पदर तोंडाला लावले. डेपोतला एक जुना माणूस म्हणाला, अरे तात्या, मेलेल्या माणसाची अब्रू ठेव जरा. नानाचा मुलगा माझा दंड धरून मला खाली बसवायला लागला.

तेव्हा माजघराच्या दारात वहिनी येऊन उभ्या राहिल्या. बारा दिवसांत त्या उंबऱ्याच्या बाहेर आल्या नव्हत्या. म्हणाल्या, "सोड त्यांना. बोला भावोजी, सगळ्यांना ऐकू जाऊ दे." मुलाने हात सोडला. मी परत पहिल्यापासून सांगितलं. मग पानं वाढली आणि सगळे खाली मान घालून जेवायला लागले.

माझ्या बाजूला बाळू बसला होता. वाढलेलं तसंच होतं, त्याने भाताला हातही लावला नव्हता. मी बघितलं तर तो नीट टेकलेला नव्हता, एका मांडीवर भार देऊन, एक हात मागे जमिनीला लावून बसला होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, तात्या, जेवण झालं की वायच मागच्या बाजूला येता का, एक विचारायचं होतं. टेम्पोत दिवसभर बसून असतो ना. त्याचे कान लाल झाले होते.

मी विचारलं, किती दिवस झाले? तो म्हणाला, काका जायच्या आधीपासून.

मी त्याला जेवण होऊ दिलं नाही. पानावरून उठवला. लोक बघत राहिले. रस्त्यावर येऊन रिक्षा थांबवली तेव्हा तो म्हणाला, "तात्या, बाई हाय ना ती." मी त्याला आत ढकलला, खरकट्या हाताने त्याचं मनगट धरलं, आणि दवाखाना येईपर्यंत सोडलं नाही.